रजा मंजूर झाली आहे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की तुम्ही दोघं मिळून तो बदलता, म्हणून लिहितेय. माझी रजा मंजूर झाली आहे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच मी घरी येतेय आणि ती काठीशिवाय चालायला लागेपर्यंत राहणार आहे. रागावू नका.

नोकरीची काळजी नको. साहेबांशी बोलून झालंय, थोडं काम तिथूनच करेन. पगार कापतील थोडा, कापू देत. लेकाची परीक्षा संपली की तोही येईल, आजीला चालवायचं काम त्याने आधीच मागून घेतलंय. तुमच्या घरची घडी मी विस्कटणार नाही. बातम्या हव्या तेवढ्या मोठ्या आवाजात लावा, दुपारची झोप चुकवू नका, मी बाहेरच्या खोलीत झोपेन.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मी आहे ना." आहातच. त्याच शब्दांवर मी आजवर निर्धास्त राहिले. पण रात्री आईला उठवताना सगळा भार तुमच्या कमरेवर नको, एवढंच. तुमच्याने होणार नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही.

दहावीला मी रात्री अभ्यासाला बसायचे तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत दिवा न लावता पडून असायचात आणि मधूनच खाकरायचात. मला अंधाराची भीती वाटायची हे मी कधी बोलले नव्हते. तुम्ही जागे आहात एवढं कळलं की पुढचं पान उलटायचे. आणि आई, त्या मे महिन्यात मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तू कपाटाचा मधला कप्पा रिकामा केलास, खाली नवा कागद अंथरलास आणि म्हणालीस, "कपडे लाव, चुरगळतील." बाकी एक प्रश्न नाही. आत्याचा फोन आला तर तिलाही तू काही विचारू दिलं नाहीस. घरच्यांचे आभार कसले, असं तू म्हणशील. तरी मला मानू दे. मी उभी राहिले ती त्या कप्प्याच्या जोरावर.

आता नीट ऐका. बाथरूममधलं सुटं पायपुसणं काढून टाका आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री बारीक दिवा हवाच. आई, ऑपरेशननंतर बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊ नकोस. गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायची ती टाचेखाली. व्यायाम दुखला तरी पहिले ६ आठवडे चुकवायचा नाही, मी शेजारी बसून करून घेईन. बाबा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना ती ओरडली म्हणून डब्यातली जुनी दुखण्याची गोळी काढून द्यायची नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि आई, तुझी ती ठणकणारी दाढ याच आठवड्यात दाखव. दातातला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून तो आधी बरा व्हायला हवा. दाखवून आलीस की लगेच फोन कर, मी वाट बघतेय.

तुमची,
चिऊ