बाबांचा फोन चार्ज होईना म्हणून

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, लगेच नवीन फोन घ्यायला जाऊ नका. काल आईच्या फोनवरून तुम्ही म्हणालात, "चार्जिंगच हुईना, गेला वाटतं कामातनं." चार्जिंग बंद पडलं म्हणजे फोन गेला असं नसतं. बऱ्याचदा दोष बाहेरच असतो: पॉइंटमध्ये, वायरीत, चार्जरमध्ये, नाहीतर वायर खोचतो त्या जॅकमध्ये. फोनवर हे सगळं सांगितलं तर निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाच आणि बाबांना शेजारी बसव.

उद्यमनगरात तुम्ही इतकी वर्षं ऑइल इंजिनं दुरुस्त केलीत. इंजिन सुरू होईना म्हणून कुणी आलं तर पहिल्याच फटक्यात हेड उघडायचा नाहीत. टाकीत डिझेल आहे का, लाइनीत हवा धरलीय का, मग फिल्टर, मग नोझल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. इथेही तेच करायचं आहे. "आम्हाला त्यातलं काय कळतंय" हे तुमचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. दोष हुडकायची तुमची रीत पक्की आहे, या यंत्रात कुठे काय असतं तेवढंच मी सांगते.

आधी पॉइंट. हॉलमधला बोर्ड जुना आहे, त्यात पिन ढिली बसते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉइंटवर लावून बघा. तरीही नाही झालं तर चार्जर तोच ठेवून आईची वायर लावा. सगळ्यात आधी मरते ती वायरच. टोकाशी, जिथे ती रोज वाकते तिथे, आतल्या तारा तुटतात आणि वरून काही दिसत नाही. वायरीनेही फरक पडला नाही तर आईचा चार्जर लावा. आणि तुमच्या चार्जरवर आईचा फोन लावून बघायला विसरू नका, म्हणजे दोष चार्जरकडे आहे की फोनकडे हे तिथेच कळेल. फोन पूर्ण उतरून बंद पडला असेल तर वायर लावल्या लावल्या स्क्रीनवर काहीच येत नाही. अर्धा तास तसाच राहू द्या. नंतर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बरेचसे अडकलेले फोन परत सुरू होतात.

आता जॅक. माझा संशय इथेच आहे, कारण आई म्हणाली की वायर तिरकी धरली की मधेच चार्ज होतो. तुम्ही फोन पँटच्या खिशात ठेवता. खिशातला धागा-कचरा त्या खाचेत जातो आणि रोज वायर खोचताना तळाशी दाबून बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, खिडकीत उजेडाला धरा आणि आत बघा. मधोमध एक बारीक पट्टी उभी दिसेल. वीज तिच्यावरूनच जाते आणि ती नाजूक असते. लाकडी टूथपिक घ्या, ब्लेडने तिचं टोक आणखी बारीक करा आणि पट्टीला न लागता कडेकडेने कचरा उकरून बाहेर काढा. सुई, टाचणी, आईची हेअरपिन यातलं काहीही आत घालायचं नाही, धातूने पट्टीवरची टोकं शॉर्ट होतात किंवा पट्टी मोडते. तोंडाने फुंकरही नको, वाफेचा ओलावा आत जातो. तुमचा हात बारीक कामाला बसलेला आहे, त्यामुळे हे तुम्ही नीट कराल याची मला खात्री आहे. कचरा निघाला आणि पिन 'टक्' करून बसली तर पुढचं पत्र नुसतं ऐकून ठेवा.

स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं तर मात्र हट्टाने चार्जिंगला लावू नका. आत ओल असताना वीज सोडली की धातूची टोकं गंजतात. तोंड खाली करून फोन हलकेच झटका आणि पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात घालायचं आई कुठेतरी ऐकून आली असेल, ते नको. तांदळाची पूड त्याच खाचेत जाऊन बसते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

चार्जिंग होतंय पण फार सावकाश, असं असेल तर कपाटातला जुना चार्जर वापरात आला आहे का ते बघा. त्यावर ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असेल तर तो ५ वॅटचा आहे. हल्लीची ५००० एमएएचची बॅटरी त्यावर भरायला चार-पाच तास सहज लागतात, त्यात तुम्ही कुस्त्या बघत बसलात तर आणखी. फोन गरम झाला तरी तो स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, तेव्हा गादीवर, उशीखाली किंवा उन्हात ठेवून चार्ज करू नका. आणि ८० टक्क्यांवर अडकतोय असं वाटलं तर सेटिंगमध्ये बॅटरी जपण्याचा पर्याय चालू असेल. तो बिघाड नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनीही लक्षात ठेवा. मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं, स्क्रीन वर आली किंवा टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगला तर बॅटरी फुगली आहे. त्याक्षणी वायर काढायची, दाबून बघायचं नाही, टोचायचं नाही, उशाशी तर मुळीच ठेवायचा नाही. तशाच अवस्थेत सर्व्हिस सेंटरला द्यायचा.

इतकं करूनही दोष फोनमध्येच निघाला तर राजारामपुरीत दाखवा. पुष्कळ फोनमध्ये चार्जिंगचा जॅक छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि तेवढाच बदलता येतो. कुणी पहिल्या वाक्यात मदरबोर्ड गेला म्हणालं तर आधी जॅक आणि बॅटरी तपासायला सांगा, खर्च विचारा, आणि मगच हो म्हणा. समोर बसून करून घ्या. ठेवून यावाच लागला तर सिम काढून घ्या. पिन नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, त्याच फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे आणि पेन्शनचा ओटीपीही तिथेच येतो. चार्जर नवीन लागला तर रस्त्यावरचा नको. चांगल्या चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, चिन्ह आणि R ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. नंबरचा फोटो मला पाठवा, मी बघते.

हे सगळं इतकं लांबवायचं कारण पाऊस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पूर आला, कितीतरी भागांत लाइट नव्हती, आणि तुमचा फोन लागेना तेव्हा माझी काय अवस्था झाली ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मी दर तासाला राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत होते. तेवढ्याने तुम्ही कसे आहात हे कळत नव्हतं. म्हणून यंदा एक नियम करा: पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की दोघांचेही फोन पूर्ण भरून ठेवायचे, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. पॉवर बँक मी पाठवतेय, ती महिन्यातून एकदा भरत जा. माझा, दादाचा आणि डॉक्टरांचा नंबर कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि बाबा, फोन बंद पडला तर तीन-तीन दिवस सांगायचं राहू देऊ नका. "पोरगी कामात असंल" म्हणून तुम्ही थांबता, हे आईने सांगितलं मला. मी कामात असले तरी तुमचा फोन उचलते, रात्री कितीही वाजता करा. टूथपिकचं काम उद्या सकाळी उजेडात करा आणि काय निघालं ते आईच्या फोनवरून कळवा. जमलं नाही तर तसाच ठेवा, मी शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय.

तुमची लेक