किती महिन्यांचे पैसे आहेत?

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, यावर आता वाद नको. बाबा म्हणतात, तू ठेवलास. मला वाटतं मीच. “एखादी धड कंपनी का बघत नाहीस” हे तोंडातून गेलं आणि तिकडे तू एकदम गप्प झालीस, तेव्हाच कळलं की चुकलं. फोनवर माझं हे असं होतं. लिहिताना निदान खोडता येतं.

तीन नोकऱ्यांपैकी कुठली घेतेस ते सोमवारी तुला कळवायचंय. एक ती ११ माणसांची, एक दीडशेची, जिची सीरिज बी म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांची एक मोठी फेरी झालीय, आणि एक ती मोठी, शेअर बाजारात लिस्टेड, जिचं नाव ऐकून मावशी हरखली. मी तिसरीच्या बाजूने बोलले असं तुला वाटलं. खरं सांगायचं तर मला तिन्हींमधली एकही पुरती पसंत नाही. पण ते माझं नेहमीचंच. तुझी शाळा तरी मला कुठे पसंत होती.

एकच विचारते, मग परत विचारणार नाही. त्या ११ जणांच्या कंपनीकडे किती महिन्यांचे पैसे आहेत?

तू म्हणालीस, “आई, असं कुणी विचारत नाही.” विचारतात, मनू. बँकेत १८० असतील आणि दर महिन्याला १५ घटत असतील, तर १२ महिने. तुमचा तो रनवे म्हणजे एवढंच गणित. आणि त्या बारातलेही सगळे आपले नसतात, कारण पुढचा राउंड, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पुढचे पैसे, उभा करायलाच सहा महिने सहज जातात. म्हणजे फाउंडर शांत झोपेल असे महिने सहाच. हा प्रश्न ऐकून ज्याला राग येतो त्याच्याकडे कामालाच जाऊ नये. हे जरा जास्त झालं, पण खोडत नाही.

तू इन्स्टाग्रामचं उदाहरण दिलंस. १३ माणसं, २०१२ साल, फेसबुकने एक अब्ज डॉलरला घेतली. खरं आहे, मीही वाचलं. मग रात्री झोप येईना म्हणून ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कचंही वाचलं. २०१९ च्या जानेवारीत मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर. त्याच सप्टेंबरमध्ये शेअर बाजारात उतरायचा बेत मागे घेतला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. जानेवारीत “आता लिस्टिंग होणारच” म्हणून जे रुजू झाले असतील, त्यांना ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, कोणत्या भावाने मिळाले असतील, याचाच मी विचार करत बसले. तेव्हा लहान कंपनीलाच धोका असतो असं मी म्हणत नाहीये. बाबा २२ वर्षं एका जागी होते. अख्खा विभाग एका दुपारी बंद झाला, हे तुला मी सांगायला नको, दार तूच उघडलं होतंस. कोडॅकच्याच इंजिनिअरने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला होता आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅक दिवाळखोरीत गेली. तर “धड कंपनी” हा शब्द मी मागे घेते.

माझ्या पहिल्या कंपनीत मी नववी होते. हिशेब माझ्याकडे, टपाल माझ्याकडे, नवा माणूस आला की त्याची खुर्ची मागवणंही माझ्याकडे. निळ्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. तू तापाने फणफणलेली असताना मी निघाले होते, कारण किल्ली माझ्याकडे होती आणि पगाराचे चेक त्या कपाटात होते. त्याबद्दल तू मला कधी बोलली नाहीस. साठ माणसं झाली तेव्हा रजेचा छापील अर्ज आला, आणि त्याचं आम्हाला किती हसू आलं! दोनशे झाली तेव्हा बाहेरून फायनान्सचे साहेब आणले. पहिल्याच आठवड्यात ते वहीत एकेका कामापुढे “हे कोण बघतं?” असं लिहीत गेले आणि प्रत्येक ओळीत माझं नाव आलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. महिन्याभरात त्या कामांचे चार भाग झाले आणि माझ्याकडे पुरवठादारांची बिलं तेवढी राहिली. पगार वाढला. खुर्ची फिरती मिळाली. किल्ली घेतली.

मी कितीतरी वर्षं त्या साहेबांना बोल लावला. माणूस वाईट नव्हता. एकाच बाईच्या डोक्यात सगळा हिशेब असणं दोनशे माणसांच्या कंपनीला परवडणारं नव्हतं, आणि हे त्यांनी पाहिलं, मी नाही. मी होते तिथेच उभी होते, कंपनी माझ्या पायाखालून पुढे गेली. म्हणून तू आज कितीव्या नंबरवर जातेस यापेक्षा दोन वर्षांनी ती कंपनी केवढी असेल आणि तेव्हा तिला तुझ्यासारखं माणूस कशाला लागेल, ते मला कळायला हवंय. हे त्यांनाच विचार. उत्तर नसेल तरी ते कसे गडबडतात यावरून समजतं.

तुझ्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुझ्या बायोडेटात नाही. मामाचा रेडिओ तू न विचारता उघडलास. परत जोडलास तेव्हा तीन स्क्रू उरले, आणि रेडिओ चालू! मामा ओरडायचाही विसरला. पण मला आठवते ती डबी. उरलेले तीन स्क्रू तू डबीत ठेवलेस, वर कागद चिकटवलास आणि तारीख घालून लिहिलंस, “मामाचा रेडिओ, कुठले माहीत नाही.” नऊ वर्षांची होतीस. न विचारता उघडणारी माणसं ११ जणांच्या कंपनीला लागतात. कागद चिकटवणारी दीडशेला लागतात, कारण तिथे शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते कुणाला कळेनासं झालेलं असतं, गिऱ्हाइकं येत असतात आणि निम्म्या लोकांना येऊन वर्षही झालेलं नसतं. दोन्ही एकाच पोरीत असली तर तिने कुठे जावं? मला वाटतं... नाही, मी सांगणार नाही असं ठरवलंय. फक्त दीडशेवाल्यांना एवढं विचार, की तुझ्या टीममधून वर्षभरात किती जण गेले, आणि तुझ्या जागेवर आधी कोण होतं.

मोठीबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. तू तसल्याच ठिकाणी पाच वर्षं काढलीस, शिस्त शिकलीस, एका बटणाच्या रंगासाठी चार मंजुऱ्या कशा मिळवायच्या तेही शिकलीस. तेच पुन्हा शिकायला जायचं का, ते तू बघ.

आता ऑप्शन. “अर्धा टक्का देतायत” म्हणालीस. कशाच्या अर्धा? एकूण शेअर किती ते लिहून घे, नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. प्रत्येक राउंडला नवे शेअर निघतात आणि तो अर्धा पातळ होत जातो. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदारांचे पैसे बहुतेक वेळा आधी, उरलं तर तुमचे. चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन थोडे थोडे करून तुझे होणं, आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंस तर हातात काही नाही. आणि सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस देतात, तेही बघ. बऱ्याच ठिकाणी ९० असतात. ऑप्शनला पगारात धरायचंच नाही. घरभाडं त्यातून जात नाही.

बाबांनी मागून वाचलं आणि म्हणाले, “पत्र पाठवतेस की ऑडिट रिपोर्ट?” सॉरी, मनू. बत्तीस वर्षांची सवय आहे.

पण मी ते महिन्यांचं पुन्हा पुन्हा का विचारते, ते तुला कधी सांगितलं नाही. बाबांनाही धड सांगितलेलं नाही.

माझ्या दुसऱ्या कंपनीत बँकेचं स्टेटमेंट माझ्याकडे यायचं. मी त्यावर कडेला पेन्सिलीने आकडा लिहायचे, किती महिने उरले. नऊ. सात. साडेपाच. साहेबांनी सांगितलं होतं, बोलणी चालू आहेत, हे बाहेर जाता कामा नये. आकडा साडेतीन झाला त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचा एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. तुझ्या आत्ताच्या वयाचा असेल. त्याला दुसरीकडून बोलावणं आलं होतं आणि इकडे घराचं कर्ज काढायचं होतं. स्टेटमेंट समोरच होतं, मी त्यावर रजिस्टर ठेवलं. तो म्हणाला, “मॅडम, इथे सगळं ठीक आहे ना? मग मी तिकडे नाही म्हणतो.” मी म्हटलं, “हो, ठीक आहे.”

त्याने तिकडे नाही म्हटलं. बोलणी फिसकटली. शेवटचे दोन पगार कुणालाच मिळाले नाहीत, मलाही नाही. पण मला निदान माहीत होतं.

त्याने मला विचारलं होतं, मनू, पण अर्धवट विचारलं होतं. “ठीक आहे ना” याला हो म्हणता येतं. “किती महिने” याला आकडाच द्यावा लागतो, नाहीतर नजर चुकवावी लागते.

आणि तुझं नाव ११ जणांमध्ये बारावं लागणार, याचा मला अभिमान नाही असं समजू नकोस. मावशीला मी तिसऱ्या कंपनीचं सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या जोशींना मात्र रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी फोन करून ११ जणांच्या कंपनीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझ्यासारखीच निघाली.” मला ते आवडलं, आणि मग रात्रभर त्यानेच झोप लागली नाही.

ऑफर लेटरच्या चौथ्या पानाचा फोटो हललाय. क्लिफच्या खालची ओळ वाचता येत नाही. दिवसाउजेडी खिडकीपाशी धरून परत काढ आणि पाठव.

तुझी,
आई

ता. क. आकडा विचारलास का, असं मी रविवारी फोनवर अजिबात विचारणार नाही. बाबा विचारतील.