मोटारसायकलींचा जथा शेपटीकडून बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस लागून नळदुर्गचे नर-मादी धबधबे वाहू लागले, की रविवारी पहाटे सोलापुरातून हैदराबाद रस्त्याला मोटारसायकलींचे जथे लागतात. मग नवरात्राच्या तोंडावर तुळजापूर, थंडीत हत्तरसंग-कुडल, अधूनमधून अक्कलकोट आणि पंढरपूर. एकाच जथ्यात चारशे सीसीची नवी गाडी असते, पंधरा वर्षे चाललेली शंभर सीसी असते, एखादी स्कूटर असते आणि हायवेवर पहिल्यांदाच गाडी काढलेला पोरगाही असतो. अशा जथ्याला ‘हेल्मेट घाला, सावकाश जा’ एवढे सांगून भागत नाही. तोच पोरगा एकटा गेला तर धडपणे जाऊन येतो आणि जथ्यात पडतो. याचे कारण बहुतेक वेळा जथा कसा बांधला आहे यात असते.

एक साधा हिशेब पाहा. दहा गाड्या ताशी ६० ने चालल्या आहेत. पुढून मागपर्यंत लांबी साधारण १५० मीटर. गाव आले, स्पीड ब्रेकर आला. प्रत्येक गाडी तो ओलांडायला अडीच-तीन सेकंद घेते. पहिल्याने ब्रेकर पार करताच पुन्हा ६० धरले, तर शेवटची गाडी ब्रेकरवर असेपर्यंत तो ४०० मीटर पुढे गेलेला असतो. आता शेवटच्याला अडीचशे मीटर भरून काढायचे आहेत. त्याने ८० धरले तरी पाऊण मिनिट आणि एक किलोमीटर लागतो. त्या किलोमीटरमध्ये आणखी एक ब्रेकर किंवा मोकाट जनावर आलेच, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुढचा ‘मी तर साठच्या वर गेलोच नाही’ असे खरे बोलत असतो आणि मागचा सकाळभर ऐंशी-नव्वदने धावत असतो. शेवटी कोण असतो? शंभर सीसीवाला किंवा नवखा, कारण तोच मागे पडत पडत शेपटीला गेलेला असतो.

यावर उपाय पुढच्याच्याच हातात आहे. ब्रेकर, टोलनाका, चौक, गाव काहीही पार केले की शेवटचा हेडलाइट आरशात दिसेपर्यंत ४० च्या वर जायचे नाही. दिसल्यावरही वेग हळूहळू चढवायचा. यासाठी सगळ्यांचे हेडलाइट दिवसाही चालू हवेत आणि शेवटच्या गाडीचा दिवा ओळखू येईल असा हवा.

क्रम असा लावावा : सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला, शांत डोक्याचा माणूस. त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या जागी, सर्वांत नवखा. तिथे त्याला रबरासारखे ताणले जावे लागत नाही, पुढचा कुठून वळतो, कुठे ब्रेक धरतो हे दिसते आणि पुढच्यालाही तो आरशात दिसतो. त्यामागे कमी सीसीच्या आणि डबलसीट गाड्या. मोठ्या गाड्या त्यांच्या मागे, त्यांना अंतर भरून काढायला अवघड जात नाही. आणि जथ्यातला सर्वांत मुरलेला चालक सर्वांत शेवटी. आपल्याकडे नेमके उलटे होते, तरबेज माणसाला पुढे मिरवायचे असते. शेवटच्याचे काम कंटाळवाणे पण मोलाचे आहे. कोणाचा साइड स्टँड खाली राहिला, कोणाचा इंडिकेटर मिनिटभर चालूच आहे, कोणाची ओढणी चाकाकडे चालली आहे, कोण डुलकी घेतोय, हे त्यालाच दिसते. पंक्चर किट, चेन लिंक, फ्यूज, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे असावी. कोणी थांबला तर त्याच्यासोबत तो एकटाच थांबतो, बाकीचे पुढच्या ठरलेल्या जागी जातात. दहा गाड्या हायवेच्या कडेला उभ्या करून पंक्चर बघत बसणे हा धोक्याचाच प्रकार.

संख्या सात-आठच्या वर गेली की सरळ दोन जथे करा, मध्ये पाच मिनिटे सोडा. वीस गाड्यांचा एक जथा म्हणजे कोणाच्याच ताब्यात नसलेली मिरवणूक.

अंतराबद्दल बरेच घोळ आहेत. चौपदरी सरळ रस्त्यावर नागमोडी रांग चालते : पहिला आपल्या लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. तिरपे पुढे असलेल्या गाडीपासून एक सेकंद, आपल्या नेमक्या समोरच्या गाडीपासून दोन सेकंद. रस्त्याकडेच्या दगडाजवळून पुढचा गेला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा. मोजून व्हायच्या आत आपण तिथे पोहोचलो तर अंतर कमी आहे. ६० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर, ८० ला ४४. ओल्या रस्त्यावर तीन-चार सेकंद. वळणावर, अरुंद रस्त्यावर, बार्शी-वैरागकडच्या दुपदरी पट्ट्यात नागमोडी मोडून एकेरी रांग करायची. जोडीने शेजारी-शेजारी गप्पा मारत कुठेच चालवायचे नाही, खड्डा चुकवायला जागा उरत नाही.

ब्रेक प्रत्येकाचे वेगळे असतात, हे मिश्र जथ्यात विसरले जाते. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो). त्याआधीच्या ड्रम ब्रेकच्या बहुतेक गाड्यांना यातले काहीच नाही. पुढच्या एबीएसवाल्याने घट्ट दाबले की तो थांबतो. मागचा ड्रमवाला तितकेच दाबतो, त्याचे मागचे चाक लॉक होते आणि गाडी आडवी जाते. शिवाय वेग ६० वरून ८० ला नेला की ब्रेकचे अंतर पावणेदोन पट होते. म्हणून जथ्याचा वेग सर्वांत कमजोर ब्रेकवर ठरवायचा. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ही केंद्राची मर्यादा आहेच. नवखा बरोबर असेल तर चौपदरीवरही ६० ते ६५ पुरे. नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर आहे, ८० ऐवजी ६० ने गेल्याने बारा-तेरा मिनिटांचाच फरक पडतो.

आता ओव्हरटेक. आपल्या जिल्ह्यात दिवाळीपासून मार्चपर्यंत रस्ता उसाचा असतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा उसाच्या पाल्याने झाकलेला, आणि बाहेर आलेली वाढी, म्हणजे उसाचे शेंडे. ट्रॉली भरलेली असेल तर तिच्यापलीकडचे काहीच दिसत नाही. जथ्याने एका दमात ओव्हरटेक करू नये. एकेकाने, स्वतः पुढचा रस्ता पाहून जावे. पुढे गेलेल्याने मागच्याला हाताने ‘ये ये’ कधीही करू नये, कारण त्याला दिसतो तो रस्ता आणि मागच्याला दोन-तीन सेकंदांनी मिळणारा रस्ता वेगळे असतात. आणि इथे एक गोष्ट ब्रेकरच्या उलट आहे. ओव्हरटेक करून डावीकडे आल्यावर लगेच वेग सोडायचा नाही. शे-दीडशे मीटर तसेच पुढे जायचे, नाहीतर मागच्याला ट्रॅक्टरपुढे शिरायला जागाच राहत नाही आणि तो समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी अडकतो. चौपदरीवर डिव्हायडरच्या फटीतून, ढाब्यापाशी, उलट्या दिशेने येणारी दुचाकी कायम गृहीत धरावी. कोणी कार मध्ये शिरली तर शिरू द्यावी, ती आपोआप निघून जाते. चौकात गाडी आडवी लावून इतरांची वाहतूक अडवण्याचा जो उद्योग काही जथे करतात, त्याचा हक्क कोणालाही नाही.

रस्त्यावर काय पडले आहे तेही सांगितले पाहिजे. पहिल्या पावसात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर साबणासारखी होते. सोयाबीन, तूर रस्त्यावर वाळत घातलेली असते, तिच्या भुश्यावर चाक पकडच धरत नाही. मळीचा टँकर गळत गेला असेल तर चिकट पट्टा. या तिन्हींवर ब्रेक दाबायचा नाही, क्लच दाबायचा नाही, गाडी सरळ ठेवून गॅस थोडा सोडून पार व्हायचे. पुढच्याने दाखवायला म्हणून हात लांब करू नये. डाव्या बाजूला असेल तर डावा पाय खाली, उजवीकडे असेल तर उजवा. डावा हात वर उघडा तळवा म्हणजे थांबा. बस्स, एवढ्याच खुणा. ज्याला हात सोडून गाडी सरळ ठेवता येत नाही, त्याने मागच्याला ब्रेकलाइट दोनदा टिचकवून सांगावे. चालताना चारही इंडिकेटर लावून जाणारे जथे हल्ली बरेच दिसतात. त्यात कोण वळणार हे कोणालाच कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी असतात.

तुळजापूरजवळच्या घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापला की ब्रेक विरघळल्यासारखा होतो. चढताना जो गिअर लागला, त्यातच उतरा.

आदल्या संध्याकाळी तपासायचे ते असे. टायरमधली हवा गाडी थंड असताना, चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर छापलेल्या आकड्याएवढी. डबलसीटचा आकडा वेगळा असतो. उन्हात पळवल्यावर वाढलेली हवा काढून टाकू नये. चेन मधोमध खालून वर उचलली तर बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढिली हवी. घट्ट चेन तुटते, ढिली उतरते. पुढच्या ब्रेकचे पॅड, मागचा ब्रेकलाइट पायाने आणि हाताने दोन्हींनी लागतो का. टाकी घरूनच भरून. हेल्मेट आयएसआय खुणेचे आणि पट्टा लावलेला. हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढाच सैल. नवख्याला आधी मोकळ्या मैदानावर ४० वरून दोन्ही ब्रेक धरून सरळ थांबायला लावा, दोनचार वेळा आठचा आकडा काढायला लावा. सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर या रविवारी तो येणार नाही, हे त्याला मैत्रीने सांगावे. लर्निंग लायसन्सवाल्याला जथ्यात घेऊच नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाचला निघून दहाच्या आत परत. चाळिशीपार उन्हात लक्ष आधी जाते आणि तहान नंतर लागते. दर पंचेचाळीस मिनिटांनी पाण्यासाठी थांबणे त्यासाठीच.

नवरात्रात तुळजापूरहून पळत ज्योत आणणाऱ्या मंडळांसाठी वेगळे चार शब्द. इथे पळणारा माणूस आहे, रात्र आहे आणि मोटारसायकली ताशी दहाने चालल्या आहेत. गाड्या पळणाऱ्याच्या बाजूला नकोत. सर्वांत मागे लुकलुकणारा दिवा लावलेला टेम्पो, त्याच्या पुढे दुचाकी, त्यांच्या पुढे ज्योत. रिफ्लेक्टरची जाकिटे शेवटच्या दोघांना तरी हवीतच. आणि कोजागरीला तुळजापूर रस्त्यावर पायी भाविकांचा लोट असतो, त्या दिवशी मोटारसायकलचा जथा त्या रस्त्याला नेऊच नये.

कोणी पडलाच, तर कामे निघण्याआधीच वाटलेली असावीत. नाहीतर सगळे तिथेच थांबतात आणि मागून येणारी गाडी दुसरा अपघात करते. शेवटचा माणूस जखमीजवळ. त्याच्या आधीचा मागे पन्नास-शंभर मीटर जाऊन, रस्त्याच्या कडेला उभा राहून, येणाऱ्यांना इशारा देतो. तिसरा ११२ किंवा १०८ ला फोन करतो, महामार्गावर १०३३ सुद्धा आहे. रस्ता, दिशा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा. ‘ढाब्याच्या पुढे’ म्हणून रुग्णवाहिका पोहोचत नाही. बाकीच्यांनी गाड्या रस्त्याबाहेर पुढे नेऊन ठेवाव्यात. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीती सोडावी, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ त्याला संरक्षण देते.

परतीच्या वाटेवर क्रम तोच ठेवायचा. नाश्ता झाल्यावर जो तो आपापल्या मर्जीने सुटतो आणि थकलेला नवखा पुन्हा शेपटीला जातो. शहराच्या वेशीवर जथा मोडावा, आत एकत्र शिरू नये. शेवटच्या माणसाने मात्र सगळ्यांचे ‘पोहोचलो’ हे मेसेज मोजल्याशिवाय झोपू नये.

आपले,
काही जुने दुचाकीस्वार
जुळे सोलापूर