‘ओढू नका, नुसता हात ठेवा’ सांगणाऱ्या फिजिओ ताईंना

नमस्कार ताई,

बाबांची बायपास झाल्यापासून घरी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सर्जन कोण होते?’ असं विचारतो. आम्ही त्यांचं नाव सांगतो आणि हात जोडतो, त्यांचे उपकार फिटायचे नाहीतच. पण बाबांना पुन्हा खोकतं, उठतं, चालतं कुणी केलं, आणि त्यांना कसं धरायचं हे आम्हा घरच्यांना कुणी शिकवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही. वॉर्डात तुम्हाला सगळे ‘फिजिओ ताई’ म्हणायचे, तेच आमच्या तोंडी बसलंय.

आम्ही मूळचे काटोलकडचे, आता नागपुरात नंदनवनला राहतो. मोठं दुखणं म्हटलं की आमच्याकडे अख्खा गोतावळा धंतोलीतल्या दवाखान्यात येऊन बसतो. आत्या, मामा, काकू, डबे, थर्मास, चादरी. जीव लावणारी माणसं, पण करायचं काय हे एकालाही ठाऊक नसतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ‘गर्दी कमी करा’ म्हणणार. तुम्ही म्हणालात, ‘घरी काकांजवळ कोण कोण राहणार? त्यांनी पुढे या.’

तुमच्या हातात ते तीन नळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र होतं. प्रत्येक नळीत एक रंगीत गोळी, बाजूला ६००, ९००, १२०० असे आकडे. बाबांनी ते हातात घेतलं आणि जोर लावून फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. ‘फुंकायचं नाही काका, उसाच्या रसाच्या नळीसारखं ओढायचं. सावकाश, आणि गोळी वर गेली की तिथंच धरून ठेवायची.’ मग आम्हा सगळ्यांना कारण सांगितलंत. मोठी भूल दिली, छाती उघडली की फुप्फुसांचा खालचा भाग पुरता फुगत नाही. नंतर दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकायला घाबरतो. कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून जागेपणी दर तासाला दहा लांब श्वास. कारण कळलं, आणि त्या क्षणापासून आई त्या यंत्राची राखणदार झाली.

ऑपरेशनचा दिवस कसा गेला ते लिहीत नाही. ज्यांनी असा दिवस काढलाय, त्यांना तो ठाऊक आहे.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं. बाबा आयसीयूतून वॉर्डात आले. छातीचं हाड मधोमध उभं कापून पुन्हा तारांनी बांधलेलं. ते नीट जुळायला सहा ते आठ आठवडे, आणि पूर्ण बळकट व्हायला साधारण तीन महिने, असं तुम्ही सांगितलंत. तोवर दोन्ही हातांवर भार देऊन उठायचं नाही, जड उचलायचं नाही, स्कूटर तर नाहीच. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

आपल्याकडे आजारी माणसाला उठवायचं म्हणजे एक जण काखेत हात घालतो, दुसरा मनगट धरून ओढतो. प्रेमानंच करतात सगळे. तुम्ही माझ्या भावाला शेजारच्या रिकाम्या खाटेवर झोपवलंत आणि त्याच्यावर दाखवलंत. गुडघे वाकवायचे, उशी छातीशी घट्ट धरायची, लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे, आणि मग उठायचं. मग एकेकाकडून करून घेतलंत. आई मागे उभी होती. ‘मला नाही जमणार, तुम्हीच करा,’ म्हणाली. तुम्ही तिचा हात धरलात आणि बाबांच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये ठेवलात. ‘इथं, काकू. ओढू नका. नुसता हात ठेवा, जोर त्यांचा त्यांना लावू द्या.’ बाबा कण्हत, थांबत, पण स्वतः उठून बसले. आईचा हात तसाच पाठीवर होता. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती ओसरताना मी पाहिली आहे, ताई. तोवर ती फक्त काळजी करत होती. तुम्ही तिला काम दिलंत.

खोकल्याचंही तसंच. उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळायची आणि मगच खोकायचं. ‘टाके तुटतील ना जी,’ बाबा म्हणायचे. ‘नाही तुटत काका, उशी आहे ना,’ तुम्ही न कंटाळता तेच उत्तर द्यायचात.

मध्ये बाबा एकदम गप्प झाले. भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवण नको, गोळ्यांचं यंत्र नको. ‘मले नाही होऊन राहिलं,’ एवढंच. आम्ही घाबरलो. हृदयाच्या ऑपरेशननंतर अशी उदासी बऱ्याच जणांना येते, बहुतेकांची काही आठवड्यांत निवळते, नाही निवळली तर डॉक्टरांना नक्की सांगा, असं तुम्ही आम्हाला बाहेर घेऊन सांगितलंत. आणि विचारलंत, ‘काकांना आवडतं काय?’ बाबा गावच्या खंजिरी भजन मंडळात गायचे, हे आत्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही यंत्र काढलंच नाही. म्हणालात, ‘आज एक ओळ म्हणा काका, पण एका श्वासात.’ पहिल्यांदा ओळ अर्ध्यात तुटली. पुन्हा म्हटली. समोरच्या खाटेवरचे गोंदियाचे काका टाळी द्यायला लागले. बाबांचा व्यायाम पुन्हा सुरू झाला तो असा.

आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, हे कळल्यावर सुट्टीआधी तुम्ही त्यांना जिना चढवून-उतरवून पाहिलंत. बायपाससाठी पायातली शीर काढलेली, म्हणून बसताना पाय उंचावर. चालण्याचा वेग असा ठेवायचा की सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर हळू व्हायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि दवाखान्यात कळवायचं. नागपूरचा मे महिना, म्हणून फिरणं पहाटेच, उन्हं चढायच्या आत घरी. सगळी फाईल इंग्रजीत, पण हे तुम्ही वहीच्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. तो कागद फ्रिजवर आहे. आईनं त्याखाली स्वतःच्या अक्षरात ‘गोळाभात नाही’ अशी भर घातली आहे, कारण त्यावरच्या फोडणीच्या तेलावर बाबांचा फार जीव.

मला मनापासून वाटतं, जिथं जिथं हृदयाची ऑपरेशनं होतात, तिथं घरच्यांना असं शिकवण्यासाठी अर्धा तास राखून ठेवलेला असावा. छिंदवाडा, गडचिरोली, यवतमाळ, कुठून कुठून माणसं नागपूरला येतात. परत गेल्यावर त्यांच्या गावात विचारायला कुणी नसतं. रोग्याला आठवडाभरानं घरी सोडतात, आणि पुढचे तीन महिने त्याला सांभाळतात ते आईसारखे हात.

आता बाबा पहाटे आईबरोबर के. डी. के. कॉलेजच्या बाजूनं फिरून येतात. जिना स्वतः चढतात. आई एक पायरी मागे असते, धरत नाही.

आणि एक कळवायचं होतं. काटोलच्या मामांनाही बायपास सांगितली आहे, पुढच्या महिन्यात, तुमच्याच दवाखान्यात. बाबांनी त्यांना आतापासूनच तीन गोळ्यांचं यंत्र घ्यायला लावलं आहे आणि रोज व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून करून घेतात. ‘फुंकू नको बे, ओढ!’ हा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. मामा भित्रे आहेत, मामी त्यांच्याहून. दोघं तुम्हाला वॉर्डात शोधत येतील. मामींचा हातही तसाच पाठीवर ठेवून द्या.

तुमची,
नंदनवनच्या काकांची मुलगी