फोटो उजळला, तारीख पुसली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुने, अंधुक फोटो उजळवून देणाऱ्या अ‍ॅप्सवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हा उद्योग मी गेल्या वर्षी करून बसलो आहे, म्हणून लेखात राहून गेलेली एक गोष्ट कळवतो.

नातीच्या लहानपणचे तीनशेवर फोटो मी अशाच एका अ‍ॅपमधून काढले. चेहरे छान उघडले. पण फोनच्या गॅलरीत पाहतो तर पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं एकाच मंगळवारी घडलेलं! २०१४ चा फोटो काल दुपारी काढल्यासारखा सगळ्यांत वर बसला होता.

कॅमेरा चित्राबरोबर त्याच फाइलमध्ये दिवस, सेकंदापर्यंतची वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. या नोंदींना एक्झिफ म्हणतात. जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये ती पद्धत आणली. त्यात तारखांचे रकाने तीन असतात: फोटो काढल्याची, डिजिटल रूपात आल्याची आणि फाइल बदलल्याची. आयुष्यभर दफ्तर सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून बरं वाटलं. घटनेची तारीख, नोंदीची तारीख, दुरुस्तीची तारीख. आमच्या रजिस्टरात दुसरं काय होतं? अ‍ॅपने मात्र नवी फाइल बनवताना जुन्या नोंदी घेतल्याच नाहीत.

नशिबाने मूळ फोटो मी पुसले नव्हते. मूळ फाइल हाताशी असेल तर तिच्यातल्या नोंदी उजळलेल्या फाइलमध्ये उतरवता येतात आणि तसं करताना चित्राला धक्का लागत नाही. त्यासाठी फिल हार्वे यांचा एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम २००३ पासून आहे. त्यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते. ‘टॅग्ज फ्रॉम फाइल’ या आज्ञेपुढे आधी मूळ फाइलचं नाव आणि शेवटी नव्या फाइलचं. क्रम उलटा झाला तर कोरी पाटी मूळ फोटोवर उतरवायचा प्रयत्न होतो, तेव्हा जपून. बदललेल्या फाइलची आधीची प्रत तो आपणहून बाजूला ठेवतो, हे मला फार आवडलं.

पहिल्याच फोटोत नात आडवी झाली. झालं असं की, फोन उभा धरून काढलेला फोटो बरेचदा आडवाच साठवला जातो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण ओरिएंटेशनच्या रकान्यात असते. अ‍ॅपने चित्र आधीच सरळ केलेलं, त्यावर मी जुनी खूण चिकटवली, म्हणून ते पुन्हा फिरलं. तेवढा रकाना वगळून बाकीच्या नोंदी घ्यायच्या, एवढाच उपाय.

दुसरी चूक पूर्ण माझी. दोन फोल्डर शेजारी उघडून मी एकाखाली एक क्रमाने जोड्या लावल्या. उजळलेल्यांतला एक हललेला फोटो मधूनच उडवला होता, ते विसरलो. तिथून पुढे प्रत्येक फोटोला आधीच्याची नोंद गेली. लक्षात कधी आलं? समुद्रावरचा सूर्यास्त, वेळ दुपारी २ वाजून १७ मिनिटं. ती वेळ खुर्चीत डुलक्या काढणाऱ्या आमच्या व्याह्यांची होती. मग मूळ आणि नव्या फाइलची नावं सारखी ठेवून, नावावरून जोड्या लावायला प्रोग्रामलाच सांगितलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण काम चोख झालं.

व्याह्यांची वेळ सूर्यास्ताला लावताना प्रोग्रामने हूं की चूं केलं नव्हतं. फोटोतली तारीख पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच बघतो. आणखी एक, नोंदींबरोबर अक्षांश-रेखांशही उतरतात. असा फोटो ईमेलने परक्याला पाठवलात, तर घराचा पत्ता पाठवल्यासारखंच होतं. तेवढं खोडून मग पाठवावा.

एका फोटोत नात धडपडत पाऊल टाकते आहे आणि मागे दारात आमची थोरली बहीण उभी आहे. त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. तो फोटो आता पुन्हा आपल्या तारखेला आहे.

लेखकांना विनंती एवढीच, की पुढच्या भागात अ‍ॅप्सची यादी देताना प्रत्येकापुढे ‘नोंदी ठेवतं’ किंवा ‘नोंदी पुसतं’ असे दोन शब्द टाकावेत. आणि उजळलेला फोटो आवडला म्हणून मूळ फोटो लगेच पुसू नका, हे यादीच्या वर, ठळक अक्षरांत.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल