भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

सप्रेम नमस्कार.

बाबांना घरी नेताना मी सर्जनसाहेबांना शाल दिली, वॉर्डातल्या सिस्टरना काजूची पाकिटं दिली आणि तुम्हाला साफ विसरले. घरी फाइल चाळली तर तुमची खूण म्हणून एक सही मिळाली, तीही न लागणारी. म्हणून हे उघडं पत्र.

ओळख पटावी म्हणून सांगते: गोव्यातल्या साखळीचे निवृत्त मास्तर, बायपास, मधुमेह, कानाला यंत्र, खालचा पुढचा दात हलणारा. आदल्या संध्याकाळी तुम्ही स्टूल ओढून खाटेपाशी बसलात. तोंड उघडायला लावलंत, जीभ बाहेर, मान मागे, आणि तो दात बोटाने हलवून पाहिलात. नळी घालताना निसटून श्वासनलिकेत जायला नको, म्हणालात. बाबांना काळजी वेगळीच. विठ्ठलापूरच्या देवळात ते चाळीस वर्षं भजन म्हणतात. "नळी गळ्यातून जाणार, मग आवाजाचं काय?" छाती उघडणार, हृदय थांबवणार, त्याबद्दल एक प्रश्न नाही! तुम्ही हसला नाहीत. नळी दोन स्वरतंतूंच्या मधून जाते, काही दिवस घसा बसेल, क्वचित जास्त दिवसही लागतात, असं सरळ सांगितलंत. त्यावर खूश होऊन बाबांनी तुम्हाला पोर्तुगिजांच्या १८४२ सालच्या पणजीतल्या वैद्यकीय शाळेपासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंतचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतचा, सगळा इतिहास ऐकवला. तोही ऐकलात. उठताना म्हणालात, "भिवपाचें कांयच ना, मास्तर."

भूल देणारे डॉक्टर इंजेक्शन देऊन मोकळे होतात, अशी माझी आपली समजूत. हृदय पोटॅशियमच्या द्रावणाने थांबवतात, तेवढा वेळ रक्त यंत्र फिरवतं, ते यंत्रात गोठू नये म्हणून हेपारिन देतात, हे मला तुमच्याकडूनच कळलं. हृदय पुन्हा चालू झालं की हेपारिनचा उतारा म्हणून प्रोटामिन द्यायचं, तेही हळूहळू, कारण घाई केली तर बीपी धाडकन खाली येतं. अन्ननलिकेत घातलेल्या इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, हृदयाचा कुठला भाग नीट आकुंचन पावतो ते तुम्ही बघत होता. मी बाहेर बाकावर विष्णुसहस्रनाम म्हणत होते आणि तिसऱ्या ओळीलाच चुकत होते.

आयसीयूत पहिल्यांदा सोडलं तेव्हा बाबांपेक्षा पंपच जास्त दिसले. एकेका सिरिंजमधून तासाला अमुक मिलीलीटर. छातीतल्या ड्रेनमध्ये किती रक्त आलं, लघवी किती झाली, सिस्टर दर तासाला कागदावर मांडत होत्या. बीपी धरून ठेवणारं औषध पाचावरून तीनवर, तीनवरून दीडवर. आमच्या घरात एरवी बाजाराच्या हिशेबावरून भांडणं होतात. ते आकडे मात्र मी तोंडपाठ केले होते.

दुसऱ्या रात्री बाबा बिथरले. मानेतली नळी ओढायला लागले, टाळ कुठे गेले म्हणून ओरडले. तुम्ही विचारलंत, "मास्तर, आपण कुठे आहोत?" उत्तर आलं, "विठ्ठलापूर." मला वाटलं, डोकं गेलं. आता हात बांधतील. तुम्ही हात बांधले नाहीत. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना असा भ्रम होतो, बहुतेकदा उतरतो, असं सांगून मला आत घेतलंत. चष्मा लावायला लावलात, कानातलं यंत्र बसवायला लावलंत, भिंतीवरचं घड्याळ दिसेल अशी खाट फिरवलीत. यंत्र काढून ठेवलेलं असताना बाबांना कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं, हे लेक असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी हात धरून हळू आवाजात हरिपाठ म्हणत बसले. पहाटे बाबा झोपले.

सकाळी तुम्ही तोच प्रश्न विचारलात. बाबा म्हणाले, "पणजीची वैद्यकीय शाळा, १८४२." सिस्टरनी कपाळाला हात लावला. हसलात एकट्या तुम्ही. त्यांची शुद्ध परत आल्याचं तुम्हालाच कळलं, कारण तो इतिहास तुम्ही ऐकला होता.

घसा तीन आठवडे बसला होता. आता गातात, पूर्वी पेटीच्या काळी दोनमध्ये गायचे, सध्या जरा खालच्या स्वरात, काळी एक. पेटी उचलायला मात्र अजून शेजारचा मुलगा येतो.

आणि हो, तो दात. गणेश चवथीला नेवरी, म्हणजे करंजी, चावताना पडला. बाबांनी पुडीत बांधून ठेवलाय, तुम्हाला दाखवायला.

आपली,
मास्तरांची लेक, साखळी