व्याख्यान पांढरीवर होऊ द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका विद्यापीठाचं जाहीर व्याख्यान ऐकायला गेलो होतो. विषय होता मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकातली, प्राचीन शेती. मंगळवार, दुपारी तीन, भाषा इंग्रजी. पत्रिकेवर ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असं छापलं होतं. सभागृहात आम्ही मोजून सत्तावीस डोकी होतो, त्यातली निम्म्याहून अधिक हजेरीसाठी बसलेली पोरं.

व्याख्यान उत्तम झालं, हे आधी सांगतो. टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात लोकांनी पाट काढले, रानाला पाणी भरपूर दिलं, पण निचऱ्याकडे लक्ष राहिलं नाही. जमिनीखालचं पाणी वर आलं, उन्हानं ते उडालं आणि मीठ मागं राहिलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे हिशेब कोरलेले आहेत. दक्षिणेकडच्या हिशेबांत गहू कमी होत जातो आणि जव वाढत जातं, कारण खारट जमिनीत जव तग धरतं. तिथली नगरं खालावली ती एवढ्यामुळेच का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तोही वक्त्यांनी लपवला नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र इराक नव्हताच. नीरेच्या आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाला पाणी पाजून पाजून खारवून चोपण झालेली रानं मी पाहिली आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनानं लिहून ठेवलेलं दुखणं आणि आमच्या पाव्हण्याच्या बांधावरचं दुखणं एकच! हे ज्यानं ऐकायला हवं तो त्या वेळी मोटर चालू करायला गेला होता. शेवटी प्रश्नांना वेळ दिला तो दोन प्रश्नांपुरता. मराठीत विचारू का, म्हणून मी हात वर केला, तोवर चहाची घोषणा झाली. चहा चांगला होता.

मी शिरूर तालुक्यातला. घोड नदीच्या काठी आमच्याच तालुक्यात इनामगाव आहे; तिथल्या टेकाडात तीन हजार वर्षांहून जुनं गाव गाडलेलं होतं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावं त्यामुळे आमच्याकडे पुस्तकांच्या आधी पोचली. माझे चुलते तिथं रोजंदारीवर होते. खापर हातात घेऊन नखानं टिचकी मारायची, खणखणीत वाजलं की ‘जोर्वे’, म्हणजे त्या जुन्या वस्तीच्या काळचं खापर, म्हणायचं, हे त्यांनी मला चौथीत शिकवलं. तांबड्या अंगावर काळी नक्षी, पक्की भाजणी, लांब तोटी. आपटून बसवलेली जमीन कुठली आणि नुसता राखेचा थर कुठला, हे ते कुदळीच्या आवाजावरून सांगत. त्या उत्खननाचा अहवाल निघाला इंग्रजीत. चुलते गेले, त्यांनी तो पाहिलाही नाही.

त्या टेकाडात सापडलेलं सगळं आमच्या अंगणातलं आहे. शंभरावर घरांचे अवशेष, जव पिकवणारे शेतकरी, पाण्यासाठी काढलेला पाट. लहान मूल गेलं की त्याला तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घरातच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे, बहुधा तो उठून निघून जाऊ नये म्हणून. एका मोठ्या घराच्या आवारात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस निघाला. पुढे इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, शेती हटते, माणसं शेरडा-मेंढरांमागे लागतात आणि शेवटी गाव उठतं. ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी होत जाणं असं मांडलं. १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेल्या तालुक्याला याहून जवळचा विषय कोणता? तरी तालुक्याच्या गावी यावर जाहीर व्याख्यान झालेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

याचा तोटा विद्यापीठांनाच आहे. काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे आपल्याकडे पोराला कळतं. जुन्या वस्तीच्या पांढरीची माती खत म्हणून रानात टाकायची, घराच्या धाब्याच्या छपरावर घालायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. पूर्वी ती पाटीनं जायची, आता जेसीबी लागतो आणि दोन दिवसांत टेकाड सपाट होतं. माती भरणाऱ्याला खापर दिसतं, पण त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. मणी-नाणं सापडलंच तर तोंड बंद, कारण ‘सरकार रान घेईल’ ही भीती. पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. तो गावात कुणाला ठाऊक आहे, विचारून पाहा. प्रवरेकाठच्या दायमाबादचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही साठ किलोंच्या वर भरणारी कांस्यशिल्पं १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणणाऱ्या माणसाला मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं जुन्या वस्तूंचं संग्रहालय ज्यांच्या नावानं आहे ते रामलिंगप्पा लामतुरे त्याच गावचे. पहिला हात गावकऱ्याचाच लागतो.

इंग्रजी व्याख्यानं बंद करा असं मी म्हणत नाही. परदेशी पाहुणा त्याच्याच भाषेत बोलणार. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या भाषेत चालते, त्या भाषेत मेसोपोटेमिया मावणार नाही असं थोडंच आहे? वर्षाकाठी दोन व्याख्यानं तरी मराठीत, संध्याकाळी सहानंतर आणि जिथं टेकाड आहे त्या गावात ठेवावीत. पडद्यावरच्या चित्रांपेक्षा खापरांची एक पेटी आणावी आणि ती लोकांच्या हातात द्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस शाळांच्या दारात जाते, मग प्राध्यापकांनी यायला काय हरकत आहे?

आमच्याकडे शाळेची मोठी खोली आहे, सतरंज्या आहेत, माईक ग्रामपंचायत देईल. चुलत्यांनी रानातून वेचलेल्या खापरांची एक पाटी माझ्या माळ्यावर पडून आहे. त्यातली जोर्वेची कुठली आणि परवाच्या मडक्याची कुठली, ते कुणीतरी येऊन सांगावं. तारीख कुठलीही चालेल, फक्त कांदा काढणीत नको.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. शिरूर, जि. पुणे